‘तुमच्या लंडनमध्ये’

दिवाळीत पुण्याला गेले होते. लॉ कॉलेजचे जुने सोबती जेवायला जमलो. त्यातला एक आता मुंबईच्या फर्ममध्ये पार्टनर आहे. म्हणाला, ‘न पिणारे ज्युनिअर क्लायंटसमोर अवघडून बसतात. मी त्यांना बाहेर नेतच नाही. तुमच्या लंडनमध्ये तरी काय वेगळं असतं?’ मी गप्प बसले. परत आल्यापासून ते ‘तुमच्या लंडनमध्ये’ डोक्यातून जात नाही.

इथल्या वकिलीत दारू मुरलेली आहे, मान्य. गांधीजी इनर टेंपल या बॅरिस्टरांच्या संस्थेत टर्म भरत होते, म्हणजे तिथल्या ठरावीक जेवणांना हजेरी लावत होते, तेव्हा चौघांत मिळून वाइनच्या दोन बाटल्या यायच्या. ते पीत नसत, म्हणून त्यांना आपल्यात घ्यायला सगळे टपलेले असत. फ्लीट स्ट्रीटच्या एल विनो या वकील-पत्रकारांच्या वाइन बारमध्ये बायकांना बारपाशी उभं राहून पेय मिळत नसे. एक वकील आणि एक पत्रकार अशा दोघी कोर्टात गेल्या, तेव्हा कुठे १९८२ साली ते बदललं.

पण हे मिरवायचं नाही, हे दुखणं आहे, एवढं तरी इथे कळलंय. वकिलांसाठी १९९७पासून लॉकेअर ही मदतसंस्था आहे. पार्टीत पिऊन कुणी ज्युनिअरच्या अंगचटीला गेला तर तक्रार एसआरए या सॉलिसिटरांच्या नियामक संस्थेकडे जाते, सनदेवर बेतू शकतं. तुमच्याकडे ‘सरांना जरा जास्त झाली होती’ एवढ्यावर भागतं. अमेरिकेत २०१६ साली सुमारे १३ हजार वकिलांची पाहणी प्रसिद्ध झाली. दर पाचांत एकाचं पिणं धोक्याचं निघालं, आणि सर्वांत जास्त प्रमाण वकिलीच्या पहिल्या दहा वर्षांतल्यांचं. अरे, म्हणजे तू ज्यांना बाहेर नेतोस तेच!

शिवाजीनगर कोर्टात माझे सिनिअर संध्याकाळी चहा सांगायचे. पक्षकारही तोच चहा प्यायचा. त्यापायी एकही पक्षकार तुटलेला मला आठवत नाही.

हे सगळं त्याला तिथेच सांगायला हवं होतं. पण इथली पहिली दोन वर्षं मी टॉनिकमध्ये लिंबाची फोड टाकून, लोकांना जिन वाटावी असा ग्लास धरून उभी राहायचे. माझा राउंड आला की सगळ्यांचे पैसे भरायचे. तिसऱ्या वर्षी एका गुरुवारी खरंच जिन घेतली. त्या रात्री पहिल्यांदा कुणीतरी माझं नाव नीट कसं म्हणायचं ते विचारलं. मग दर गुरुवारी घेत गेले. आईला अजून सांगितलेलं नाही.

पुण्यात वेटरने विचारलं तेव्हा मी पाणी मागितलं. समोरची मैत्रीण कौतुकाने म्हणाली, ‘बघा, इतकी वर्षं तिकडे राहून ही होती तशीच आहे.’ ते ऐकून मला फार बरं वाटलं, आणि मी ते खोडून काढलं नाही.