गोव्यात वर्षभर वेगळं राहिलं की डिव्होर्स होतो? त्या व्हायरल मेसेजला एकेक करून उत्तर

तो मेसेज परत फिरायला लागलाय. फॅमिली ग्रुपवर आला, महिला मंडळाच्या ग्रुपवर आला, देवळाच्या कमिटीच्या ग्रुपवर पण कोणीतरी टाकला आणि खाली पन्नास अंगठे. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गोव्यात युनिफॉर्म सिव्हिल कोड आहे त्यामुळे डिव्होर्स सगळ्यात सोपा. नवरा-बायको एक वर्ष वेगळे राहिले की लग्न आपोआप संपतं. दोघं राजी असतील तर पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरीकडे सही केली की झालं, सुप्रीम कोर्टानं सहा महिन्यांची अट पण काढलीय. नुसत्या रजिस्ट्रारकडे सह्या झाल्या असतील आणि विधी झाला नसेल तर ते लग्न धरतच नाहीत. आणि शेवटी पुरुषांना सल्ला, की गोव्यात बायको अर्धी प्रॉपर्टी घेऊन जाते म्हणून आधीच सगळं आईच्या नावावर करून टाका.

मी फोंड्याला एका वकिलांच्या ऑफिसात काम करते, कागद टाईप करणं, फायली लावणं, पक्षकारांना तारीख सांगणं हे माझं रोजचं काम. असा मेसेज वाचून निर्णय घेतलेली माणसं आमच्या बाकावर येऊन बसतात तेव्हा फार वाईट वाटतं, म्हणून हे लिहितेय.

पहिलं ते युनिफॉर्म सिव्हिल कोडचं, म्हणजे सगळ्या धर्मांना एकच कायदा. हो, गोव्याचा कायदा वेगळा आहे आणि पोर्तुगीज काळापासूनचा आहे. १८६७ चा सिव्हिल कोड इथे १८७० पासून लागू झाला, आणि डिव्होर्सचा कायदा म्हणजे पोर्तुगालात राजेशाही गेल्यावर प्रजासत्ताकानं ३ नोव्हेंबर १९१० ला काढलेला डिक्री, म्हणजे सरकारी हुकूम. १९६१ ला गोवा मुक्त झाला, पुढच्या वर्षी संसदेनं कायदा करून इथले जुने कायदे तसेच चालू ठेवले. म्हणून हिंदू मॅरेज ॲक्ट, जो सावंतवाडीला, कोल्हापूरला चालतो, तो गोव्यात लागूच नाही. बाकीच्या भारतासाठी लिहिलेले बहुतेक मेसेज इथे चुकतात ते इथेच. आणि 'सगळ्यांना अगदी एकच' हे पण पूर्ण खरं नाही, चर्चमध्ये लग्न केलेल्यांसाठी १९४६ चा वेगळा डिक्री आहे, आणि हिंदूंसाठी १८८० च्या डिक्रीत असं कलम आहे की बायकोला पंचविशीपर्यंत मूल नाही किंवा तिशीपर्यंत मुलगा नाही तर नवऱ्याला दुसरं लग्न करता येतं. ते आता कोणी वापरत नाही असं सांगतात, पण ते कागदावर आहे याचाच मला संताप येतो. असो, तो वेगळा विषय.

'एक वर्ष वेगळं राहिलं की आपोआप'. नाही. गोव्यात काय, भारतात कुठेच नाही. तुम्ही माहेरी वीस वर्षं राहिलात तरी कोर्टाची ऑर्डर येत नाही तोवर तुम्ही त्याची बायकोच. १९१० च्या कायद्यात कारणं मोजून दिली आहेत: दोघांपैकी कोणाचा व्यभिचार, मारहाण-छळ किंवा गंभीर अपमान, मोठ्या गुन्ह्यात शिक्षा, जुगाराचं कायमचं व्यसन, बरा न होणारा मानसिक किंवा संसर्गजन्य आजार अशी. त्यात घर पूर्ण सोडून जाण्याची मुदत किमान तीन वर्षं आहे. काही ठावठिकाणा नसताना बेपत्ता असेल तर चार वर्षं. आणि दोघांनी आपखुशीनं वेगळं राहायचं ठरवलं असेल, कोणाचाच काही दोष नसेल, तर सलग दहा वर्षं. दहा! आणि ही वर्षं भरली तरी ते फक्त कारण झालं, त्यावर कोर्टात अर्ज करायचा, पुरावा द्यायचा, मग निकाल. जो माणूस 'आपोआप संपलं' समजून दुसरं लग्न करतो त्याच्यावर पहिली बायको जिवंत असताना दुसरं लग्न केल्याचा गुन्हा होतो, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८२, सात वर्षांपर्यंत शिक्षा.

आता नोटरी. ह्यावर मला जास्त बोलायचंय कारण सगळ्यात जास्त नुकसान ह्याच कागदानं होतं. नोटरीला लग्न लावायचाही अधिकार नाही आणि मोडायचाही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राच्या कायदा खात्यानं नोटरींना लेखी बजावलं पण होतं की लग्नाचे आणि डिव्होर्सचे करारनामे करू नका. तरी लोक करतात, दोघं सह्या करतात, दोन्हीकडचे काका-मामा साक्षीदार म्हणून सह्या करतात आणि सगळ्यांना वाटतं सुटलो एकदाचे.

आणि गोव्यात हा कागद महाराष्ट्रापेक्षा जास्त महागात पडतो, का ते बघा. इथे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, आणि आपल्याकडे किती जण करतात, तर लग्न होताच दोघांची मालमत्ता एकत्र होते. लग्नाआधीची, नंतरची, वारसानं आलेली, सगळी, प्रत्येकाचा अर्धा वाटा. आता समजा डिचोलीतली एक मुलगी, नवऱ्याशी पटलं नाही, नोटरीकडे कागद झाला, ती माहेरी आली, नोकरीला लागली, स्वतःच्या पायावर उभी राहिली. बारा वर्षांनी वडील वारले. भावंडांना वडिलांची जमीन वाटून घ्यायचीय, कोर्टात इन्व्हेंटरी घातली, म्हणजे वारसांची आणि मालमत्तेची यादी देऊन वाटणी मागितली, आणि वकील म्हणतो जावयाला पण पक्षकार करायला लागणार. कुठला जावई? तोच, ज्याच्याबरोबर नोटरीचा कागद झाला. कायद्याच्या दृष्टीनं तो अजून नवरा आहे आणि तिच्या वाट्याला जे येणार त्यात त्याचा अर्धा वाटा. विकायचं म्हटलं तरी त्याची सही लागणार. मग तो सहीसाठी पैसे मागतो, भाऊ बहिणीवर चिडतात, आणि त्या बाईनं बारा वर्षांपूर्वी जे मिटलं म्हणून मन घट्ट केलेलं ते सगळं परत उकरलं जातं. गोव्यात ज्यांनी घरची जमीन विकलीय त्यांना माहितीये, सुना-जावयांच्या सह्यांशिवाय सेल डीड, म्हणजे खरेदीखत, पुढे सरकत नाही.

सहा महिन्यांचं म्हणाल तर दोघांच्या संमतीच्या डिव्होर्समध्ये अर्जानंतर सहा महिने थांबायची ती अट हिंदू मॅरेज ॲक्टच्या १३-ब कलमातली आहे, २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की योग्य केस असेल तर कोर्ट ती माफ करू शकतं. माफ करू शकतं, काढून टाकली नाही. आणि २०२३ चा जो निकाल लोक फिरवतात, लग्न सावरण्यापलीकडे गेलं म्हणून थेट डिव्होर्स, तो अधिकार घटनेच्या कलम १४२ खाली फक्त सुप्रीम कोर्टाचा आहे, म्हापशाच्या कोर्टात तो मागता येत नाही. गोव्याचा म्युच्युअल, म्हणजे दोघांच्या संमतीचा डिव्होर्स, वेगळाच चालतो. लग्नाला दोन वर्षं उलटून गेलेली पाहिजेत आणि दोघांचं वय पंचवीस पूर्ण पाहिजे. अर्जाबरोबर मालमत्तेची यादी आणि तिची वाटणी कशी, मुलं कोणाकडे, खर्च कोण देणार हे सगळं लिहून द्यायचं. जज दोघांना बोलवून समजावतात, नाहीच जमलं तर आधी प्रोव्हिजनल (तात्पुरती) ऑर्डर, मग एका वर्षाचा काळ, आणि त्यानंतरही दोघं ठाम असतील तर फायनल. त्या मधल्या वर्षात तुम्ही मोकळे झालेले नसता, दुसरीकडे लग्न ठरवायच्या घाईत असलेल्या घरांनी हे खास लक्षात घ्या.

सह्यांचा मुद्दा तरुण मुलामुलींनी नीट वाचा. गोव्यात लग्न हा कायद्यानं आधी सिव्हिल करार आहे. तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे पहिली सही म्हणजे आम्हाला लग्न करायचंय असं जाहीर करणं, मग नोटीस लागते, कोणाची हरकत आली नाही की साक्षीदारांसमोर दुसरी सही. ही दुसरी सही झाली की तुमचं लग्न झालं. मंगळसूत्र, सप्तपदी, हॉल, जेवणावळ काहीही झालेलं नसलं तरी झालं. आपल्याकडे व्हिसासाठी, क्वार्टरसाठी, किंवा नुसतं 'सह्या उरकून घेऊया' म्हणून सहा-आठ महिने आधी दोन्ही सह्या करतात, आणि मधे काहीतरी बिनसतं. एक दिवस एकत्र राहिलेले नसतात तरी त्यांना कोर्टात जावं लागतं, लग्न रद्द करायला नाहीतर डिव्होर्सला. रद्द करायला पण कायद्यात बसणारं कारण लागतं, जबरदस्ती झाली, माणसाबद्दल मोठी फसवणूक झाली असं काहीतरी, नुसतं 'आता नको वाटतं' चालत नाही. आईवडिलांना हात जोडून सांगते, मुलांना दुसऱ्या सहीची घाई करू नका.

राहिला प्रॉपर्टीचा सल्ला, तो तर सरळसरळ बायकोला फसवायचा सल्ला आहे. 'बायको अर्धी घेऊन जाते' हेच मुळात चुकीचं, ती काही नेत नाही, ती लग्नाच्या दिवसापासून अर्ध्याची मालकीण आहे, आणि नवरा पण तिच्या अर्ध्याचा मालक आहे. तिच्या बापाकडून तिला आलेली बागायत, तिनं साठवलेली एफडी, त्यात त्याचा वाटा असतो हे त्या मेसेजमध्ये कोणी लिहीत नाही. इन्कम टॅक्सच्या कायद्यात पण गोव्यासाठी म्हणून ५-अ कलम होतं, पगार सोडून बाकीचं उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं-निम्मं धरायचं, इथल्या रिटर्न भरणाऱ्याला ते पाठ असतं. आणि स्थावर मालमत्ता एकट्याच्या सहीवर आईच्या काय कोणाच्याच नावावर करता येत नाही, जोडीदाराची संमती लागते, लपवून केलं तर ते कोर्टात उखडलं जातं. उलट आईवडील हयात असताना त्यांच्या नावावर जे घर आहे ते अजून मुलाचं झालेलंच नाही, त्यामुळे त्याची वाटणी डिव्होर्समध्ये होत नाही. म्हणजे भीती पण उगाच आणि उपाय पण चुकीचा. ज्याला खरंच वेगळं ठेवायचंय त्यानं लग्नाआधी रीतसर करारनामा करावा, नंतर तो बदलता येत नाही.

ज्या बायकांना हा मेसेज दाखवून 'सही कर, नाहीतर काहीच मिळणार नाही' असं म्हटलं जातंय त्यांना एवढंच, सही करू नका. पोटगीसाठी डिव्होर्स होईपर्यंत थांबायची गरज नाही, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५) आधीच अर्ज करता येतो, आणि २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात, नवऱ्याला उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. मारहाण होत असेल तर २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा इथेही लागू आहे, तुम्हाला घरातून बाहेर काढता येत नाही. वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून गप्प बसलात असाल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, बाईला उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो, फोन १५१००.

जाताना लग्नाचा दाखला, दोघांचे जन्मदाखले, मुलांचे दाखले आणि घर-जमिनीचे जे कागद हाताला लागतील ते घेऊन जा. लग्न महाराष्ट्रात झालंय की गोव्यात, नवरा मूळचा कुठला, हे पहिल्याच भेटीत सांगा कारण कुठला कायदा लागणार ते त्यावर ठरतं. आणि फायनल ऑर्डर हातात आली तरी काम संपत नाही, तिची नोंद रजिस्ट्रारच्या पुस्तकात तुमच्या लग्नाच्या नोंदीवर करून घ्या आणि ती नोंद असलेला नवीन दाखला काढून ठेवा. पुढे कधी परत लग्न करायचं ठरलं तर पहिल्या सहीच्या वेळी तोच दाखला मागतात.