ओटीपी कोणाकडे आलाय?

पाच कोटींची उलाढाल ओलांडल्याबद्दल आधी अभिनंदन. २०२० च्या ऑक्टोबरात ई-इनव्हॉइसची, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलांची, पंगत बसली तेव्हा ५०० कोटीवाल्यांचीच पानं मांडली होती. मग १००, ५०, २०, १० असं करत करत वाढपी १ ऑगस्ट २०२३ ला तुमच्या पानापर्यंत पोचला. "आमची यंदा साडेतीनच झालीय, आम्ही यात येत नाही," असं छाती पुढे काढून सांगणाऱ्यांचं दुप्पट अभिनंदन. २०१७-१८ पासून कुठल्याही एका वर्षी पाच कोटींच्या वर गेला असाल तर तुम्ही यात आहात. मुंजीसारखं आहे हे, एकदा लागली की लागली. शिवाय हिशेब पॅनवर होतो, म्हणजे वर्कशॉप आणि हार्डवेअरचं दुकान एकाच मालकाच्या नावावर असेल तर दोन्ही गल्ले एकाच ताटात.

असो. आता हे काम ऑफिसात कोणी करायचं ते ठरवू.

पहिला नियम: काम माणूस बघून देऊ नये, खुर्ची बघून द्यावं. ज्याची खुर्ची कॉम्प्युटरजवळ, बिल त्याचं. त्याला जीएसटीतलं काय कळतं हा प्रश्न गैरलागू आहे, कारण खुर्चीलाही काही कळत नाही आणि तरी ती पंधरा वर्षं टिकलीय.

दुसरी गोष्ट पासवर्डची. तो एकच असावा, सगळ्यांना पाठ असावा, आणि तरी मॉनिटरच्या कडेला पिवळ्या चिठ्ठीवर डकवलेला असावा. आमच्याकडे तो भाच्यानं ठरवला होता, 'मोरया' आणि पुढे एक-दोन-तीन. भाचा गेल्या दिवाळीत बोनस घेऊन समोरच्या गाळ्यात नोकरीला लागला, पण पासवर्ड आमच्याशी इमान राखून आहे.

पोर्टलवर प्रत्येकासाठी वेगळा सब-युजर काढता येतो, ज्याच्या त्याच्या मोबाइल नंबरासकट. त्यात बिल कोणी काढायचं, रद्द कोणी करायचं हेही वेगवेगळं ठरवता येतं. या भानगडीत चुकूनही पडू नका. सब-युजर काढले की कुठलं बिल कोणी काढलं ते कळतं, आणि एकदा ते कळायला लागलं की "सिस्टिमनंच केलंय" हे वाक्य कायमचं हातचं जातं.

त्यापेक्षा नंबर मालकाचाच ठेवा. १ एप्रिल २०२५ पासून लॉगिनला ओटीपी सगळ्यांनाच सक्तीचा झालाय, तेव्हा यातली मजा आता कुठे खुलते. बुधवारची संध्याकाळ घ्या. भोसरीत गुरुवारी सुट्टी, म्हणून जे आठवडाभर गेलं नाही ते सगळं बुधवारी सहानंतर जायला निघतं. टेम्पो भरून गेटला उभा. ड्रायव्हर दोनदा चहा पिऊन आलाय आणि आता "चाकणला ट्रॅफिक लागंल साहेब" हे तिसऱ्यांदा सांगतोय. अकाउंटवाले काका पासवर्ड टाकतात. ओटीपी जातो तुमच्या फोनवर. तुम्ही कुठे? मंगल कार्यालयात, मेव्हणीच्या मुलीच्या रिसेप्शनला, स्टेजच्या रांगेत, हातात पाकीट. फोन बायकोच्या पर्समध्ये. 'ऑफिस फक्त काम' या व्हॉट्सॲप ग्रुपवर काका लिहितात, "शेठ ओटीपी". स्टोअरचा पोरगा लिहितो, "शेठ ओटीपी". टेम्पोचा मालक ग्रुपवर कसा आला कोणास ठाऊक, पण तोही लिहितो, "शेठ ओटीपी." जिलबीवर आल्यावर तुम्ही आकडा पाठवता, तोवर तो शिळा झालेला असतो. काका नवा मागवतात. तुम्ही घाईत पुन्हा जुनाच पाठवता.

शेवटी गाडी साध्या चलनावर सोडायची आणि "बिल मागनं पाठवतो" म्हणायचं. आयआरएन, म्हणजे पोर्टलनं बिलाला दिलेला नंबर, नसलेलं बिल कायद्याच्या लेखी बिलच नव्हे, ही क्षुल्लक बाब ड्रायव्हरला सांगत बसू नये. वाटेत गाडी अडवली तर त्याला काहीच माहीत नसणं हे त्याच्याही फायद्याचं आणि तुमच्याही.

तिसरं काम पार्टीचा मास्टर भरण्याचं. नाव, पत्ता, पिनकोड आणि जीएसटीआयएन, म्हणजे पार्टीचा जीएसटी नंबर. हे कोणीही भरावं. खरं तर जो त्या क्षणी मोकळा असेल त्यानंच भरावं, आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या व्हिजिटिंग कार्डाच्या अंधूक फोटोवरून भरावं. जीएसटीआयएन १५ अक्षरी, चौदा विद्यांहून एक जास्त. आयआरएन तर थेट ६४, जितक्या कला तितकी अक्षरं. पिनकोड एका राज्याचा आणि राज्य दुसरंच टाकलं तर पोर्टल तोंडावर नाही म्हणतं. ते परवडलं. खरी कला पोर्टलला पटेल असं चुकण्यात आहे.

आमचंच सांगतो. एका पार्टीचं ऑफिस कोल्हापूरला, कारखाना बेळगावला. पॅन एक, जीएसटीआयएन दोन. एक महाराष्ट्राच्या २७ ने सुरू होणारा, एक कर्नाटकच्या २९ ने. ऑर्डर बेळगावची, माल बेळगावला जाणार. मास्टरमध्ये त्याच नावाच्या दोन ओळी एकाखाली एक, आणि बिल करणाऱ्या ताईंनी वरची घेतली, कारण ती वर होती. कोल्हापूर. परराज्यातल्या विक्रीच्या आयजीएसटीच्या जागी राज्यातल्या विक्रीचा सीजीएसटी-एसजीएसटी लागला. पोर्टलनं काहीही कुरकुर न करता आयआरएन दिला, क्यूआर कोडही छान चौकोनी उमटला. पोर्टल नंबर खरा आहे का बघतं, ऑर्डर कोणाची होती ते विचारत नाही. पुढच्या महिन्याच्या १४ तारखेनंतर बेळगावहून फोन आला, "आमच्या २-बीत, खरेदी बिलांच्या यादीत, तुमचं बिल दिसत नाही. पेमेंट होल्डवर."

मग चौकशी बसली. ताई म्हणाल्या, मास्टर मी भरला नाही. स्टोअर म्हणालं, आम्ही फक्त नग मोजतो. काका म्हणाले, मी फक्त बटण दाबतो. सीएंकडचा मुलगा म्हणाला, मी फक्त आर-वन, म्हणजे जीएसटीआर-१ हे विक्रीचं रिटर्न, भरतो, आणि तिथे ई-इनव्हॉइस आपोआपच येतात ना सर. ऑर्डर आणि बिल शेजारी ठेवून बघायचं काम कोणाचं, हे कोणाच्याच वाट्यात नव्हतं. जबाबदाऱ्या इतक्या बारीक वाटल्या होत्या की चूक बरोबर दोन वाट्यांच्या फटीतून गेली. याला म्हणतात नियोजन.

रद्द करायची मुभा आयआरएन निघाल्यापासून २४ तास. तेही अख्खं बिल, एखादी ओळ खोडता येत नाही, आणि रद्द केलेला बिल नंबर पुन्हा वापरता येत नाही. वर त्याच बिलावर ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा परवाना, चालू असेल तर आधी ते रद्द करा. म्हणून रद्द करण्याचा अधिकार नेहमी अशा माणसाला द्यावा जो २४ तासांत भेटणारच नाही. आमच्याकडे तो सीएंकडच्या मुलाकडे आहे. तो महिन्याच्या १० तारखेला येतो, कारण ११ ला जीएसटीआर-१ ची मुदत. मग जुनं बिल उलटवणारी क्रेडिट नोट काढा, नवं बिल करा, बेळगावला माफीचा मेल करा. क्रेडिट नोटलाही आयआरएन लागतो बरं का. म्हणजे पुन्हा ओटीपी.

तपासणीबद्दल एवढंच, की ज्यानं बिल केलं त्यानंच तपासावं. बाहेरचा माणूस उगाच चुका काढतो. काही अतिशहाणे सांगतात की मास्टर एकानं भरावा, दुसऱ्यानं नजर टाकावी, बिल तिसऱ्यानं काढावं, आणि संध्याकाळी गेट रजिस्टरचे नंबर पोर्टलच्या यादीशी कोणीतरी दहा मिनिटं ताडून बघावेत. दहा मिनिटं! त्या दहा मिनिटांत आमच्याकडे तीन जण निवांत "साइट स्लो आहे" म्हणून घेतात.

काका रजेवर गेले तर? ते जात नाहीत. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला तेव्हापासून ते सलग चार दिवस गावी गेलेले नाहीत, आणि याला आम्ही निष्ठा म्हणतो. गेल्या श्रावणात त्यांना डेंग्यू झाला तेव्हा स्टोअरच्या पोरानं बिलं काढली. 'ड्युप्लिकेट आयआरएन' असा मेसेज आला की तो पुन्हा बटण दाबायचा, लिफ्ट येत नाही म्हणून दाबतात तसं. काकांनी सलाइन लावलेल्या हातानं फोन धरून त्याला समजावलं. ओटीपी तेवढा माझ्याकडे येत होता, त्यामुळे मीही कामात सहभागी होतो असं म्हणायला हरकत नाही.

हे लिहितोय तो गुरुवार. कंपनी बंद. दुपारी आमरसाची दुसरी वाटी पुढ्यात असताना फोन वाजला. ओटीपी. मी ग्रुपवर विचारलं, "कोणी मागवला?" काका म्हणाले, "मी आळंदीत आहे." ताई म्हणाल्या, "आज सुट्टी ना सर." स्टोअरच्या पोरानं क्रिकेटच्या मैदानावरचा फोटो टाकला. मग बराच वेळ कोणीच काही बोललं नाही.

आत्ता बघतो तर माझ्या मेसेजखाली भाच्यानं अंगठा दाखवलाय.