कुठं चाललास आणि कुठनं आलास

हिमालयात एकट्यानं जायचं ठरवलं आणि दोन महिने आधीपासून सराव चालू केला, म्हणजे काय तर 60 लिटरची सॅक आणली, तिच्यात 10 किलो तांदूळ भरला आणि रोज संध्याकाळी उद्यमबागेतनं सुटलो की टिळकवाडीत दुसऱ्या गेटापासून व्हॅक्सिन डेपोपर्यंत चालायला लागलो. पहिल्याच दिवशी अकरा जणांनी विचारलं, "कुठं चाललास?" आता बेळगावात हा काही प्रश्न नव्हे, हा नमस्कार आहे, "हितंच" म्हणून पुढं जायचं असतं, खरं पाठीवर सॅक असली की त्याचा खरोखरच प्रश्न होतो आणि माणूस स्कूटर बंद करून उत्तराची वाट बघत उभा राहतो. (आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात, सवय करून घ्या, पुढं बऱ्याचदा येणार आहे.)

"गावाला नव्हं, सराव करूलोय."

"कसला?"

"डोंगर चढायचा."

"मग डोंगरावर जा की! हितं सपाटीवर काय करूलास?"

मुद्दा बरोबर होता, म्हणून रविवारी राजहंसगडावर गेलो. येळ्ळूरच्या बाजूनं चढताना म्हशी घेऊन चाललेली एक आज्जी भेटली, तिनं सॅकवर एक थाप मारून बघितली. "काय हाय ह्यात?" म्हटलं तांदूळ. "गडावर जेवणावळ हाय काय आज?" नाही आज्जी, वर न्यायचा आणि परत खाली आणायचा. आज्जी बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली, मग आवाज खाली घेऊन मायेनं म्हणाली, "लगीन झालंय न्हवं?"

तर सांगायचं म्हणजे मी एकटा चाललो होतो ते ह्याच्यासाठीच. चार दिवस कुणी काही विचारू नये, बास. जायचं ठिकाण काढलं भृगू लेक, मनालीच्या वर, उंची साधारण 14,000 फूट. आमचं बेळगाव 2,500 फुटांवर आणि तेवढ्यावरच आम्ही स्वतःला थंड हवेचे समजतो.

जायच्या आधी सगळं सामान भरून सॅक रविवार पेठेत एका ओळखीच्या भुसार दुकानात वजनाला नेली. दुकानदारानं पोत्यांच्या रांगेतच ती काट्यावर ठेवली आणि सवयीनं विचारलं, "बासमती काय?" भरली 19 किलो. आता सॅक आपल्या वजनाच्या एक पंचमांशाच्या वर असू नये असं जाणकार सांगतात, माझं वजन 64, म्हणजे 13 किलो ठीक, सहा किलो जादा. घरी बैठक बसली. आई म्हणाली स्टोव्ह काढ, वाटेत हॉटेलं असत्यात की. बाबा म्हणाले तो पोंचो का काय तो काढ, छत्री ने. खानापूरची मावशी नेमकी आलेली, ती म्हणाली छत्री नको नि काय नको, आमच्याकडचं इरलं ने, जांबोटीच्या पावसात टिकतंय तर तिथं काय होतंय त्याला. कसंबसं अडीच किलो काढलं, आणि मी हात धुवून येईपर्यंत आईनं त्यात अर्धा किलो कुंदा, म्हणजे आमची बेळगावची खव्याची मिठाई, घातलेला.

"आई, हे कशाला?"

"वाटेत कोण भेटलं तर द्यायला."

"अगं मी एकटाच चाललोय."

"म्हणून तर."

गोवा एक्सप्रेसनं दिल्ली म्हणजे दीड दिवस. मिरज, पुणे होईपर्यंत ठीक होतं, पुढं डब्यात हिंदी सुरू झाली आणि माझ्या लक्षात आलं की 'कुठं चाललास'मधून सुटलो तो 'कहाँ से हो'मध्ये येऊन पडलो. आता पुण्याचा माणूस 'पुणे' म्हणतो आणि विषय संपतो. आमचं तसं नाही. 'बेलगाम' म्हटलं की समोरचा विचार करतो, मग त्याचा चेहरा उजळतो, "कर्नाटक! अच्छा, बैंगलोर!" त्याला सांगायचं की बेंगळुरू आमच्यापासून 500 किलोमीटर लांब आहे, गोवा जवळ. "तो गोवा में?" नाही. "मगर बात तो मराठी में कर रहे थे फोन पर?" हो, 15-20 किलोमीटरवर शिनोळीला महाराष्ट्र लागतो. "तो महाराष्ट्र ही हुआ ना!" ह्या वाक्यावर भल्याभल्यांची आयुष्यं गेलीत हो, मी साइड लोअरवर बसून काय निकाल लावणार? भुसावळपर्यंत मी नीट नकाशा समजावून दिला. भोपाळनंतर झोपेचं सोंग घेतलं.

मनालीहून गुलाबा नावाच्या ठिकाणी पोहोचलो, तिथनं चढण सुरू. वाटेत नाव-गाव लिहून घेणारा एक पोरगा वही घेऊन बसलेला. राज्याच्या रकान्यात कर्नाटक लिहिलं. त्यानं आधार कार्ड बघितलं, त्याच्यावर बेळगावी, मी तोंडानं म्हणालेलो बेलगाम, आडनाव पाटील. म्हणाला, "सर, तीनों अलग अलग हैं." म्हटलं नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून बदललंय, जागा तीच आहे. "और पाटिल तो महाराष्ट्र में होते हैं ना?" 10,000 फुटांच्या वर, पाठीवर 17 किलो, एका वाक्याला तीन श्वास लागतात, आणि ह्याला सांगायचं तर सुरुवात 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासून करायला पाहिजे. मी म्हणालो, "दोनों जगह होते हैं," आणि चालायला लागलो. तेवढ्यातच धाप लागली.

पहिला मुक्काम जोंकर थाच. थाच म्हणजे डोंगरातलं गवताचं माळरान. तिथं आधीच दोन ग्रुप उतरलेले, एक पुण्याचा आणि एक हुबळीचा, आणि मोकळी जागा होती ती नेमकी दोघांच्या मध्ये. म्हणजे टेन्टसुद्धा सीमाभागात. पुण्याच्या काकू चहा घेऊन आल्या, मी म्हणालो, "काकू, आत्ताच चहा केलो मी." काकू गोड हसल्या, "केलो नाही रे, केला." (लिहिताना बघा कसं नीट लिहितोय, शाळेत मार्क गेलेत ह्याच्यासाठी.) मग पलीकडून एका गृहस्थांनी हाक मारली, "येल्लिंद बंद्री?" म्हणजे कुठनं आलात, म्हटलं बेळगाविंद. "हौद्री?" म्हणून त्यांनी कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणून दिली. रात्री दोन्हीकडं जेवलो. सीमाभागात असायचे फायदे कुणी लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी दोन्ही ग्रुप मागं राहिले आणि रोला खोली नावाच्या पुढच्या मुक्कामाला मी अगदी एकटा. हीच ती वेळ, जिच्यासाठी एवढं केलं. छान दहा मिनिटं गेली. मग मॅगी करायला घेतली. तेवढ्या उंचीवर हवेचा दाब कमी, त्यामुळं पाणी 87-88 अंशालाच उकळतं, बुडबुडे येतात, आपल्याला वाटतं झालं, आणि मॅगी खाताना वायर चावल्यासारखं. डाळ आणली असती तर मुक्काम वाढवायला लागला असता. त्यात उंचीचा त्रास होऊ नये म्हणून डॉक्टरांना विचारून डायमॉक्स घेतलेली. तिनं डोकं दुखत नाही हे खरं, बोटांना मुंग्या येतात तेही चालवून घेऊ, खरं लघवी! रात्रीत पाच वेळा. आणि एकदा जायचं म्हणजे स्लीपिंग बॅगची झिप, जॅकेटची झिप, टेन्टची आतली झिप, बाहेरची झिप, आणि मग थंडीनं बधिर झालेल्या बोटांनी ती शेवटची, सगळ्यात अर्जंट झिप. चौथ्या वेळी बाहेर आलो तर समोर गद्दी मेंढपाळांचं कुत्रं उभं. एवढं मोठं, केसाळ, बिबट्यानं नरडं धरू नये म्हणून गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा. ते माझ्याकडं बघतंय, मी त्याच्याकडं, झिप अर्धी उघडी. शेवटी मीच म्हणालो, "बेळगाव." कुत्रं वळून निघून गेलं. एवढा समजूतदार श्रोता अख्ख्या प्रवासात मिळाला नव्हता.

सकाळी शेवटचा चढ. त्या उंचीवर हवेच्या दाबाबरोबर ऑक्सिजनही समुद्रकाठच्या साठेक टक्केच मिळतो. दहा पावलं, थांबा. आठ पावलं, थांबा. भृगू ऋषींनी विष्णूच्या छातीवर लाथ मारली ती गोष्ट लहानपणापासून ऐकलेली, तळ्याला नाव त्यांचंच, आणि त्या चढावर लाथ नेमकी कुठं बसली असेल ते मी छातीवर बोट ठेवून दाखवू शकत होतो. वर पोहोचलो. जून होता, तळं अर्धं बर्फाखाली, एका कडेनं कोयरीसारखं वाकलेलं निळं-हिरवं पाणी. देव टिब्बा, हनुमान टिब्बा ढगात. आवाज म्हणजे फक्त माझा श्वास. कुणी नाही. कुणीही विचारत नाही. मी सॅक उतरवून बसलो, आणि खोटं कशाला बोलू, वीस मिनिटांनी मला फार वाटायला लागलं की कुणीतरी विचारावं.

खाली उतरताना गुडघ्यांनी राजीनामा दिला. दोन-सव्वादोन हजार मीटरचा उतार वशिष्ठ गावाकडं सरळ पडतो, आणि गावाच्या थोडं वर एक चहाची टपरी. टपरीवाला साठीचा, ताठ, मिशा नीट. मी सॅकसकट बाकावर कोसळलो.

"कहाँ से?"

आता बेंगळुरू ऐकायची ताकद नव्हती, तरी म्हणालो, "बेलगाम."

त्यानं किटली खाली ठेवली. "बेलगाम! कमांडो कोर्स!"

मला रडू यायचं बाकी होतं. देशभरातले जवान आमच्याकडं कमांडो ट्रेनिंगला येतात हे आम्हाला पाठ असतं, खरं त्यातला एक असा मनालीच्या वर चहा विकताना भेटेल हे कुठं माहीत? त्याला कॅम्प आठवत होता, जूनमधला न थांबणारा पाऊस आठवत होता, आणि पाठीवर बोजा घेऊन पळवलेलं तर फारच आठवत होतं. बोलता बोलता त्यानं माझी सॅक एका हातानं उचलली, वजन बघितलं आणि हसायला लागला. "हम बोझा उठाने तुम्हारे यहाँ गए थे. तुम बोझा उठाने यहाँ आए हो?" मी सॅक उघडून कुंद्याचा डबा काढला. आई बरोबर होती, काय बोलणार. त्यानं एक घास तोंडात टाकला, डोळे मिटले आणि लगेच फोन काढून बायकोला लावला, "सुनो, बेलगाम से लड़का आया है, हमारे बेलगाम से! लो, बात करो," आणि फोन माझ्या हातात.

पलीकडून अगदी प्रेमळ आवाज आला, "बेटा, बेलगाम मतलब... बैंगलोर के पास ना?"

मी चहाचा घोट घेतला.

"हाँ जी आंटी, बाजू में ही है."