दोऱ्यांचे रंग का बदलले? गलिव्हरच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं असं, की जोनाथन स्विफ्टने लिहिलेली गलिव्हरची गोष्ट मुलं पिढ्यान्‌पिढ्या वाचत आली, त्यांना स्विफ्टच्या काळातला ब्रिटनचा पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल माहीत नव्हता म्हणून त्यांचं काही अडलं नाही. मीच त्या गोष्टीत राजकारण घुसडलं. शिवाय छापण्याआधी सरकारी परवाना घेण्याचा कायदा इंग्लंडात १६९५ सालीच संपला होता, मग स्विफ्टला लपवाछपवीची गरज काय?

पहिलं म्हणणं मला अर्धं पटतं. लिलिपुट या गोष्टीतल्या बुटक्यांच्या देशातल्या प्रत्येकामागे एकेक खरा दरबारी शोधत बसलं, तर पुस्तकाचं नुसतं कोडं होतं. माझ्या लेखात तसं झालं आहे, तो भाग मी बदलतो.

पण ‘घुसडलं’ हा शब्द मान्य नाही. लिलिपुटचा बादशहा काठी आडवी धरतो. दरबारी तिच्यावरून उड्या मारतात, खालून सरपटतात आणि बक्षीस म्हणून रेशमी दोरा कमरेला बांधून मिरवतात. स्विफ्टचे दोरे निळे, तांबडे आणि हिरवे. गार्टर, बाथ आणि थिसल या तीन राजसन्मानांचे हेच रंग. त्यातला बाथचा सन्मान वॉलपोलच्या कारकिर्दीत, १७२५ साली नव्याने सुरू झाला आणि खुद्द वॉलपोललाही मिळाला. पुस्तक आलं १७२६ च्या ऑक्टोबरात. लंडनच्या बेंजामिन मॉटने छापलेल्या त्या पहिल्या आवृत्तीत दोरे आहेत जांभळे, पिवळे आणि पांढरे! मूळचे रंग वाचकांना मिळाले ते १७३५ च्या डब्लिन आवृत्तीत. नुसती मुलांची गोष्ट असती, तर दोऱ्याच्या रंगाची धास्ती कुणी घेतली असती?

आता परवान्याचं. कायदा गेला, पण राजद्रोही लेखनाचे खटले गेले नाहीत. हस्तलिखित दुसऱ्याच्या अक्षरात होतं आणि मॉटकडे ते रात्रीच्या अंधारात पोचतं झालं, ते उगाच नाही. दोनच वर्षांपूर्वीचं प्रकरण ताजं होतं. विल्यम वुड नावाच्या इंग्रजाला आयर्लंडसाठी तांब्याची नाणी पाडायची सनद मिळाली होती. स्विफ्टने एका कापडविक्याच्या नावाने पत्रं लिहून लोकांना सांगितलं, ही नाणी घेऊ नका. चौथ्या पत्रानंतर, १७२४ मध्ये, लेखकाचं नाव सांगणाऱ्याला ३०० पौंडांचं बक्षीस जाहीर झालं. लेखक कोण हे डब्लिनमध्ये जवळपास सगळ्यांना ठाऊक होतं, तरी बक्षीस घ्यायला कुणी पुढे आलं नाही. ज्यूरीनेही मुद्रकावर आरोप ठेवायला नकार दिला. अखेर १७२५ मध्ये सनद मागे घ्यावी लागली.

तुरुंगात मात्र जावं लागलं ते त्या पत्रांचा मुद्रक जॉन हार्डिंग याला. १७२५ मध्येच तो वारला. हे वाचल्यापासून मला मॉटचा राग येत नाही. त्याने रंग बदलले, पण पुस्तक छापलं.

आणि आयर्लंडच्या उपासमारीवरचं स्विफ्टचं ते भयंकर पत्रक, ‘अ मॉडेस्ट प्रपोजल’, १७२९ साली डब्लिनमध्ये छापलं ते हार्डिंगच्या विधवेने, सारा हार्डिंगने.