आत्याच्या फॉरवर्डला उत्तर: 'गाळता न येणारी घाण' आणि लसीतला 'कॅन्सर व्हायरस'

रविवारी सकाळी साडेसहाला सांगलीच्या आत्याचा फॉरवर्ड आला. एरवी तिचे फॉरवर्ड मी वाचत नाही, कमळाचं गुड मॉर्निंग बघून हात जोडते आणि मोकळी होते. पण हा भलताच लांब होता, वर 'शास्त्रज्ञांनी लपवलेलं सत्य', खाली सात मुद्दे आणि सगळ्यात शेवटी 'शरीरशुद्धी किट'साठी मोबाईल नंबर. तरी सोडून दिलं असतं. पण दुपारी कळलं की हे वाचून वहिनीने बाळाचा नऊ महिन्यांचा गोवर-रुबेलाचा डोस पुढे ढकललाय, "नक्की काय ते कळेपर्यंत थांबूया" म्हणून. मग मात्र डोकं फिरलं. बारा वर्षं मी शुद्धीकरणाचंच काम करतेय, डाउनस्ट्रीम, म्हणजे टाकीत जे जंतू वाढवले त्यातून हवं ते वेगळं काढायचं आणि नको ते टाकून द्यायचं. घरातल्या एकालाही मला फोन करावासा वाटला नाही, विश्वास बसला तो किट विकणाऱ्यावर.

फॉरवर्ड थोडक्यात असा: एमआरएनए लसी (व्हायरसचं एक प्रोटीन कसं बनवायचं याची चिठ्ठी पेशींना देणाऱ्या) जंतूंच्या घाणीत बनतात, ती घाण इतकी बारीक की गाळताच येत नाही, म्हणून लसीत जंतूंचा डीएनए राहतो, त्यात एसव्ही४० नावाचा कॅन्सरचा व्हायरस आहे, तो आपल्या डीएनएत शिरतो आणि हे 'आपण सगळ्यांनी' टोचून घेतलंय. मधे लहान मुलांच्या एसएमए या आजारावरचं सोळा कोटींचं जीन थेरपीचं इंजेक्शन म्हणजे 'साधं पाणी' असाही एक मुद्दा घुसडलाय.

आधी ते 'आपण सगळ्यांनी' बघू. आत्या, तू कोव्हिशिल्ड घेतलीस, तुझं सर्टिफिकेट मीच डाउनलोड करून दिलंय. फायझरने भारतातला अर्ज फेब्रुवारी २०२१ मध्येच मागे घेतला. मॉडर्नाला जून २०२१ मध्ये परवानगी मिळाली पण लस काही आली नाही. आपल्याकडची एमआरएनए लस म्हणजे पुण्याच्या जिनोव्हाची जेमकोव्हॅक, तिला परवानगी मिळाली जून २०२२ मध्ये, तोवर आपल्या घरात सगळ्यांचे डोस होऊन गेले होते. म्हणजे जी कुपी आपल्या घरात कुणी डोळ्यांनी पाहिलेली नाही तिच्यासाठी आपण शुद्धी करून घ्यायची.

जंतूंची घाण. हो, एमआरएनएचा साचा म्हणून जो गोल डीएनए लागतो, प्लाझ्मिड, तो इ-कोलाय या बॅक्टेरियात वाढवतात. आत्या रोज पोटात टोचते ते इन्सुलिनसुद्धा असंच बॅक्टेरियात नाहीतर यीस्टमध्ये बनतं, १९८२ पासून. पुढे.

'गाळता येत नाही' हे वाचून मात्र मला हसू आलं आणि रागही आला, कारण माझी अर्धी नोकरी त्यातच गेलीय. अगं, हे काय चहा गाळण्यासारखं आहे का? बॅक्टेरियाचा लगदा दिसतो मळलेल्या कणकेसारखा, रंगाने जरा तपकिरी. त्यात कॉस्टिक आणि डिटर्जंट घातलं की पेशी फुटतात आणि सगळं भेंडीच्या बुळबुळीसारखं तार सुटणारं होतं. इथे हात जड असून चालत नाही. जोरात ढवळलं की बॅक्टेरियाच्या मोठ्या डीएनएचे तुकडे पडतात आणि ते आपल्या प्लाझ्मिडबरोबर येऊन बसतात, मग पुढे कितीही डोकं आपटा. मी ट्रेनी असताना एकदा घाई केली होती, अख्खी बॅच टाकावी लागली, सुपरवायझरने आठवडाभर नीट बोलणं टाकलं होतं. मग पोटॅशियम अॅसिटेट घालायचं, की दूध फाटल्यासारखा पांढरा चोथा वर येतो, त्यात प्रोटीन आणि तो मोठा डीएनए अडकतो आणि प्लाझ्मिड खालच्या पाण्यात राहतं. ते पाणी कॉलममधून, म्हणजे रेझिनचे दाणे भरलेल्या नळीतून, जातं. डीएनएवर ऋण चार्ज असतो, कॉलममधल्या रेझिनवर धन, त्यामुळे डीएनए चिकटून बसतो, मग मिठाचं प्रमाण हळूहळू वाढवत नेलं की एकेक गोष्ट आपापल्या वेळेला सुटते, स्क्रीनवरच्या आलेखात डोंगर दिसतो आणि आपण फक्त त्या डोंगराच्या वेळी बाहेर पडणारं पाणी बाजूला काढतो. जाळीची भोकं किती बारीक याचा इथे संबंधच नाही, कोण कशाला चिकटतं याचा आहे.

त्यापुढे एमआरएनए तयार झालं की साच्याचा डीएनए डीएनेज नावाच्या एन्झाइमने कापून टाकतात आणि तुकडे धुऊन काढतात. एमआरएनएच्या शेपटीला 'ए' अक्षरांची लांब माळ असते, तिला धरणारे कॉलम मिळतात, शेपटीवालं राहतं बाकीचं वाहून जातं. आणि खरी डोकेदुखी डीएनए नव्हतीच, ती होती दुहेरी आरएनएची, म्हणजे एमआरएनए बनवताना चुकून तयार होणाऱ्या दोन धाग्यांच्या आरएनएची. २०११ मध्ये कॅरिको आणि वाइसमन यांच्या टीमने दाखवलं की एचपीएलसी या कॉलमच्याच एका पद्धतीने तो दुहेरी आरएनए काढला की पेशी उगाच खवळत नाहीत. २०२३ चं नोबेल मिळालेली हीच दोघं, ते मिळालं आरएनएची अक्षरं बदलण्याच्या शोधासाठी, पण शुद्धीकरणावर पण त्यांनी एवढी मेहनत घेतली होती. आणि फॉरवर्ड म्हणतो 'शुद्धीकरणाकडे कुणी लक्षच दिलं नाही'.

आता तो एसव्ही४०. सगळ्यात जास्त भीती यानेच घातलीय म्हणून जरा नीट.

एसव्ही४० हा माकडांचा खराखुरा व्हायरस आहे. १९५५ ते १९६३ च्या काळात अमेरिकेत पोलिओची लस माकडांच्या किडनीच्या पेशींवर वाढवत, तेव्हा काही लसींमध्ये तो खरंच गेला होता. १९६० मध्ये सापडला, मग पेशी बदलल्या, चाचण्या बदलल्या. हे खरंय, कुणी लपवलेलं नाही, आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात. पण तो अख्खा जिवंत व्हायरस होता. त्यात जे प्रोटीन उंदराच्या जातीतल्या हॅमस्टरना गाठी आणतं, लार्ज टी अँटिजेन, त्याचा जीन फायझरच्या प्लाझ्मिडमध्ये नाही. आहे तो शेकड्यांतल्या अक्षरांचा, जीन चालू करणारा एक स्विच, अख्खा व्हायरस ५,२४३ अक्षरांचा. मॉडर्नात तर हा स्विचपण नाही. चोराच्या दाराची कडी काढून आपल्या दाराला बसवली म्हणून चोर घरात शिरला असं होत नाही गं.

बरं, हे आलं कुठून? एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेतल्या केविन मॅकर्नन आणि सहकाऱ्यांनी फायझर-मॉडर्नाच्या कुप्यांमध्ये प्लाझ्मिडचा डीएनए सापडल्याचं मांडलं. सापडला हे बरोबर. हेल्थ कॅनडा या तिथल्या सरकारी आरोग्य खात्यानेही मान्य केलं की फायझरच्या लसीत एसव्ही४० चा तो तुकडा आहे आणि कंपनीने अर्ज करताना तो वेगळा दाखवला नव्हता. हे कंपनीचं चुकलंच, सांगायला काय झालं होतं? भांडण आहे ते किती यावर. उरलेल्या डीएनएची मर्यादा आहे डोसमागे १० नॅनोग्रॅम. ऑस्ट्रेलियाच्या टीजीए या सरकारी नियामकाने स्वतःच्या लॅबमध्ये बॅचेस तपासल्या आणि २०२४ मध्ये रिपोर्ट छापला, सगळ्या मर्यादेच्या आत. जास्तीचे आकडे बऱ्याचदा चमकणाऱ्या रंगाने मोजलेले आहेत आणि तो रंग थोडाफार आरएनएलाही चिकटतो. फायझरच्या एका डोसमध्ये ३० मायक्रोग्रॅम म्हणजे ३०,००० नॅनोग्रॅम आरएनए असतो, त्यातला एक टक्का जरी चुकून डीएनए म्हणून मोजला गेला तरी आकडा ३०० वर जातो. झाली ब्रेकिंग न्यूज.

आणि १० नॅनोग्रॅम म्हणजे किती? एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग करा, त्यातले दहा. आपल्या रक्तात मेलेल्या पेशींचा सुटा डीएनए कायम फिरत असतो, तो हजारो नॅनोग्रॅम भरतो. त्याहून गंमत म्हणजे अहमदाबादच्या झायडसची झायकोव्ह-डी, ऑगस्ट २०२१ मध्ये परवानगी मिळालेली, ती लसच डीएनएची आहे, एका डोसला २ मिलिग्रॅम प्लाझ्मिड, म्हणजे त्या मर्यादेच्या दोन लाख पट, तेही मुद्दाम.

इथे एक गोष्ट नाइलाजाने कबूल करते. झायकोव्हचा डीएनए उघडा असतो आणि एमआरएनए लसीत उरलेले तुकडे, एमआरएनए ज्यात गुंडाळतात त्या चरबीच्या थेंबात बसून पेशीत जाऊ शकतात, १० नॅनोग्रॅमची मर्यादा ठरली तेव्हा असे थेंब कुणाच्या डोळ्यासमोर नव्हते. तो स्विचही अख्ख्या प्लाझ्मिडला केंद्रकात जायला मदत करतो, जीन थेरपीवाले तो त्यासाठी वापरतात. तेव्हा मर्यादा परत तपासा असं कुणी शांतपणे म्हटलं तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. फायझरच्या ट्रायलमधल्या बहुतेक कुप्यांसाठी साचा पीसीआरने, म्हणजे बॅक्टेरियाशिवाय मशीनमध्ये डीएनएच्या प्रती काढून, केला होता आणि बाजारातल्यासाठी प्लाझ्मिडने, हेही खरं. पण यातून 'सगळ्यांना कॅन्सर होणार' कसं निघतं ते मला त्या किटवाल्याने समजावून सांगावं.

कोव्हिशिल्डवाला मुद्दा त्यांनी ठेवलाच नाही, ठेवायला हवा होता, कारण ती वाढवायचे एचईके-२९३ पेशींवर, १९७३ मध्ये नेदरलँड्समध्ये एका गर्भाच्या किडनीपासून केलेल्या, आणि जर्मनीतल्या उल्म विद्यापीठाने २०२२ मध्ये अॅस्ट्राझेनेकाच्या, म्हणजे याच लसीच्या परदेशी, काही बॅचेसमध्ये त्या पेशींची प्रोटीन्स नको तितकी उरल्याचं छापलंय. खऱ्या त्रुटी शोधायच्याच असत्या तर इथे होत्या. पण वाचायला कुणाला वेळ आहे.

सोळा कोटींचं इंजेक्शन 'साधं पाणी' नाही. त्यात एएव्ही या निरुपद्रवी व्हायरसची जीन भरलेली कवचं असतात, पण बनवताना बरीचशी फोल निघतात. भुईमुगाच्या शेंगांसारखं, बाहेरून सारख्याच, आत दाणा आहे की नाही कळत नाही, म्हणून प्रचंड वेगाने फिरवून वजनाच्या फरकाने किंवा चार्जच्या केसभर फरकाने कॉलमवर भरलेल्या वेगळ्या करायच्या. हाताने एक बॅच करून बघा म्हणावं. किंमत मात्र सोळा कोटी असावी का, यावर माझं तोंड उघडायला लावू नका.

आणि बाळाचा डोस. गोवर-रुबेलाची लस म्हणजे कमजोर केलेले जिवंत विषाणू. त्यात ना प्लाझ्मिड, ना एमआरएनए, ना एसव्ही४० चा स्विच, फॉरवर्डमधला एकही मुद्दा तिला लागू होत नाही. वहिनीला फोन केला, हेच सगळं सांगितलं, तिने शेवटी विचारलं "मग ताप येतो का?" येऊ शकतो, एक-दोन दिवस, आठवड्याभराने. त्यांच्या उपकेंद्रात सेशन बुधवारी असतं. आत्याला म्हटलंय, तूच घेऊन जा बाळाला.