तपासणी चुकली, ती फक्त भीतीमुळे नाही

कोरोनाकाळात गरोदर बाया घाबरून तपासणीला गेल्या नाहीत, असं लेखात आहे. अर्धंच खरं आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातली. २०२०च्या एप्रिलात माझ्या जावेला सहावा महिना होता. दवाखान्याची भीती होतीच, पण आधी एसटी बंद झाली होती! दर महिन्याच्या ९ तारखेची तपासणी असते हे तिला पाठ होतं, जायचं कशानं? शेजारचा ऑटोवाला पोलिसांच्या दांड्याला भ्यायचा.

घरात मात्र बरंच बदललं. वावरातून आलेल्या माणसानं हातपाय धुतल्याशिवाय तिच्या खोलीत पाय ठेवायचा नाही, हा सासूबाईंचा नियम. डोहाळजेवण घरच्या पाच जणींतच उरकलं. काढा दिवसातून तीनदा. उष्ण पडेल म्हणून शेवटी सासूबाईंनीच तो बंद केला, बरं झालं. लोहाच्या गोळ्या आशाताई फाटकाबाहेरून द्यायच्या आणि चहासोबत घेऊ नको, लिंबूपाण्यासोबत घे, असं ओरडून सांगायच्या. आधी या गोळ्या डब्यात पडून राहत. त्या वर्षी तिनं एकही चुकवली नाही.

लसीचं वेगळंच. गरोदर बायांना लस घ्यायची परवानगी २ जुलै २०२१ला मिळाली. त्याआधी फेब्रुवारीतच अमरावती-यवतमाळात रुग्ण झपाट्यानं वाढले होते. माझी चुलतबहीण तेव्हा पोटुशी होती. तिला लस मिळणार नव्हती आणि नवरा रोज कापसाच्या जिनिंगवर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला जात होता. तिनं काय काळजी घ्यायची होती, ते लेखकानं सांगावं.