‘मुलांना विचारलं की शिस्त मोडते’ हे खरं नाही

कोल्हापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक मजकूर फिरतोय: मुख्याध्यापक कडक असला की शाळा सुधारते, मुलांना मत विचारलं की शिस्त मोडते, लोकशाही शाळा (जिथं नियम मुलं आणि शिक्षक मिळून ठरवतात) हे परदेशी खूळ आहे आणि मुलांचं शालेय मंत्रिमंडळ तर आपल्याकडं आहेच.

आधी शिस्तीचं बघू. मधल्या सुट्टीत मोठ्या पोरांचा फुटबॉल सगळं मैदान व्यापतो. मुली आणि पाचवीची मुलं भिंतीकडेला उभी. कडक मुख्याध्यापक बॉल जप्त करतात, आठवड्यात दुसरा येतो. कारण तो नियम राखणारा माणूस एकच, आणि तो ऑफिसात. वर्गसभांनी, म्हणजे सगळा वर्ग बसून नियम ठरवतो त्या सभांनी, मैदानाचे वार वाटून घेतले की नियमावर लक्ष ठेवायला सगळं मैदान असतं. शिवाय ‘कडक’ म्हणजे छडी असेल, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं मारणं आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे.

अभ्यास बुडतो म्हणावं, तर सभेला आठवड्यातली एक तासिका लागते, 35 मिनिटं. गोल बसायचं. पहिली 5 मिनिटं मागच्या ठरावांचं काय झालं त्याला. मग चिठ्ठीपेटीतले जास्तीत जास्त 3 विषय. अध्यक्ष दर वेळी नवा. ठराव 2 आठवडे करून बघायचा आणि पुन्हा सभेपुढं आणायचा. नाव घेऊन कुणाची तक्रार सभेत नको, सभेचं कोर्ट होतं; तशी तक्रार वर्गशिक्षकांकडं. सभा बहुतेक वेळा फसते ती मोठ्यांमुळं. बाई किंवा सर सुरुवातीलाच आपलं मत सांगतात आणि सगळे हात तिकडंच वर होतात. नाहीतर ठराव ऑफिसात पडून राहतो. म्हणून मुख्याध्यापकांनी 7 दिवसांत लेखी उत्तर द्यावं, नकार असेल तर कारणासह.

परदेशी खूळ? इंग्लंडमधली समरहिल ही लोकशाही शाळा 1921 ची, तिथं सभेत मुलाला आणि शिक्षकाला एकेकच मत असतं, हे खरं. पण तिची नक्कल करायची नाही. शाळेत सगळंच मताला टाकायचं नसतं, हे आपल्याच मातीत दिसतं. शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला 1 रुपया दंड. तो हुकूमच होता, आणि योग्य होता. तसंच सुरक्षितता, परीक्षा, पैशाचे व्यवहार मुख्याध्यापकांकडं राहावेत. मैदान, वर्गाचे नियम, सहल, वाचनालयाची वेळ मुलांकडं. ही यादी वर्षाच्या सुरुवातीलाच भिंतीवर लावावी, म्हणजे मुलांची फसवणूक होत नाही.

राहिलं मंत्रिमंडळ. मोबाईलवर मतदान, शपथविधी, फोटो, आणि मग वर्षभर बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणं. ही पहारेकऱ्याची नोकरी झाली. विनाअनुदानित खासगी शाळा सोडल्या तर बाकी शाळांत कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती हवी, तिच्यात 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला. त्या पालकांनी पुढच्या बैठकीत वर्गसभेची वही मागावी आणि मुलांनी मांडलेला, अमलात आलेला एक तरी ठराव तिच्यात शोधावा.